मागचं दिसू दे

माझ्या बऱ्याचशा फोटोंत काहीतरी 'नको ते' असतं. नीलपंखाच्या पायाखाली मोटरीच्या स्टार्टरची गंजलेली पेटी असते. खोकडाच्या पिल्लामागे ठिबकच्या नळ्यांचं भेंडोळं पडलेलं असतं. मोर ज्या कठड्यावर उभा आहे, त्याच कठड्यावर खताचं धुतलेलं पोतं वाळत असतं. शहरातले फोटोग्राफर मित्र हे फोटो बघतात आणि मनापासून सुचवतात, लेन्स मोठी लाव, ॲपर्चर पूर्ण उघड, मागचं सगळं विरघळून जाईल आणि पक्षी तेवढा उठून दिसेल.

तंत्राच्या बाजूने त्यांचं म्हणणं खरं आहे. तसे फोटो मीही काढले आहेत आणि ते देखणे येतात. पिवळसर-हिरव्या पटावर एक निळा पक्षी, डोळ्यात उन्हाचा ठिपका. पण तो नीलपंख भरतपूरचा, ताडोबाचा की आमच्या पाटोद्याचा, हे त्या फोटोवरून कुणालाच सांगता येणार नाही. मला तर नेमकं तेच सांगायचं असतं. बीड जिल्ह्यात रानातलं जनावर बघायचं म्हणजे जंगल बघायचं नसतं. शेतकऱ्याने काय राखलं, काय तोडलं आणि काय करायचं राहून गेलं, ते बघायचं असतं. आमच्याकडचा जवळजवळ प्रत्येक प्राणी कुणाच्या तरी सातबाऱ्यावर राहतो. स्टार्टरची पेटी, पोतं, नळ्या हा त्याचा पत्ता आहे. पत्ता पुसून नुसता प्राणी ठेवला की फोटो सुंदर होतो आणि बातमी हरवते.

आमची वस्ती गावापासून थोडी बाजूला, शेतातच आहे. बालाघाटच्या रांगेने जिल्ह्याचे दोन भाग केलेत. खाली गोदाकाठची काळी, खोल जमीन. गेवराई-माजलगावच्या त्या पट्ट्याला सगळे गंगथडी म्हणतात. वर डोंगरपट्ट्यात आम्ही, आष्टी, पाटोदा, शिरूर कासारची माणसं. जमीन हलकी, मुरमाड, आणि पाऊस सह्याद्रीवर सांडून उरेल तेवढा. मांजरा आमच्याच तालुक्याच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे कर्नाटक-तेलंगणापर्यंत जाते, पण उगमाकडच्या अंगाला वर्षातले कितीतरी महिने तिच्यात पाय भिजत नाही. अलीकडे माथ्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्यात. संध्याकाळी मोर आणि पवनचक्की एका चौकटीत सहज येतात, आणि मी ती चौकट बदलत नाही.

डोंगराकडे नीट बघितलं तर तोही माणसानेच, किंवा खरं तर माणसाच्या शेळ्यांनी घडवलेला दिसतो. शेळी सीताफळाच्या पानाला तोंड लावत नाही. तरवडालाही नाही. पिढ्यान्‌पिढ्या चराई झालेल्या उतारांवर म्हणून हीच झुडपं टिकून राहिली, आणि याच उघड्या डोंगरांनी बीडच्या सीताफळाला नाव मिळवून दिलं. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दिवाळीच्या आधी फळाचे डोळे उघडले की दिवसा बुलबुल आणि रात्री वटवाघळं, उदमांजरं आपापला वाटा उचलतात. त्या दिवसांत मी पहाटे उतारावर जाऊन अर्धवट खाल्लेल्या फळांचे फोटो काढते. चोचीने टोकरलेलं फळ वेगळं, दातांनी ओरबाडलेलं वेगळं. कोणत्या फांदीवरचं फळ खाल्लंय, बिया तिथेच पडल्यात की दूर दगडावर विष्ठेत सापडतात, यावरून रात्री कोण येऊन गेलं याचा अंदाज बांधता येतो. प्राणी नसलेला हा प्राण्याचा फोटो मला फार जवळचा वाटतो.

पण रानातल्या जिवांची खरी दाटी बांधावर. जुना बांध म्हणजे नुसती हद्द नव्हती. वाहून जाणारी माती अडवायला दगडांची ताल रचलेली, तिच्या भेगांतून उगवलेली बोरी-बाभळी, मध्येच एखादा हिवर, एखादा लिंब, खाली घाणेरी आणि पवन्या-कुसळीचं गवत. नांगर तिथपर्यंत पोचत नाही, पाणी तुंबत नाही, आणि सावली आहे. खोकडाला बीळ करायला याहून चांगली जागा नाही. खोकड कोल्ह्यापेक्षा लहान, अंगाने राखट, शेपटीचं टोक काळं. त्याच्या बिळाला एकापेक्षा जास्त तोंडं असतात. एका तोंडाशी कुत्रं आलं तर दुसऱ्यातून निघून जायला वाट हवी. उन्हाळ्याच्या तोंडावर पिल्लं बाहेर यायला लागतात. आमच्या गोठ्याच्या पत्र्याला एक फट आहे, तिथून मी बघते. ऊन कलल्यावर आधी कान दिसतात, मग तोंड, मग एकदम सगळी एकमेकांवर पडत बाहेर येतात. आई उंदीर आणते, नाकतोडे आणते. बोरांच्या दिवसांत तिच्या विष्ठेत बोरांच्या आठोळ्याच जास्त. हरभऱ्यातल्या उंदरांचा तिने केलेला बंदोबस्त कुणी पैशात मोजत नाही, म्हणून तो कुणाच्या हिशोबात येत नाही. या बिळाचे फोटो मी कुणालाही लगेच पाठवत नाही. पिल्लं निघून गेली, पावसाने वाटा पुसल्या, की मग दाखवते.

असे बांध आता कमी होत चाललेत. वाटण्या झाल्या, एकराचे गुंठे झाले, आणि प्रत्येक गुंठ्याला बांध परवडेनासा झाला. जेसीबी एका दुपारी सगळं सपाट करतो. उरलेल्या बांधावर तणनाशक मारलं जातं, त्यामुळे भर पावसाळ्यात तो तांबूस, करपलेला दिसतो. मी कुणावर बोट ठेवत नाही. ज्याच्या वाट्याला पाऊण एकर आलं त्याने चार फूट जागा बोरीला द्यावी, हे सांगण्याचा अधिकार पगारदार माणसाला सहज पोचत नाही. मी शिक्षिका आहे, महिन्याला पगार येतो, शेत घरातले सगळे मिळून करतात. तरी दुःख व्हायचं ते होतंच. माझ्याकडे एकाच बांधाचे वेगवेगळ्या वर्षांचे फोटो आहेत. सुरुवातीच्या फोटोंत चित्र भरलेलं आहे : तितर, मुंगूस, बोरीच्या काट्याला नाकतोडा टोचून ठेवणारा खाटीक. नंतरच्या फोटोंत बोरी नाही, मग खाटीक नाही. शेवटच्या फोटोत सोयाबीन आहे, सरळ, स्वच्छ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लेन्सने पार्श्वभूमी पुसायची गरजच उरलेली नाही.

विहिरीचंही तेच. दगडी बांधकामाच्या जुन्या विहिरीत पारवे होते, कोनाड्यात पिंगळ्यांची जोडी होती, पाण्यावर झुकलेल्या बाभळीला सुगरणींची घरटी लोंबत होती. पाण्यावरची फांदी सुगरण मुद्दाम निवडते. साप, मांजर तिथवर यायला कचरतात. घरटं विणतो तो नर. अर्धं विणून झालं की तो पंख फडफडवत उलटा लटकतो, मादी येऊन आतून-बाहेरून तपासते, आणि पसंत पडलं तरच पुढचं काम होतं. नापसंत अर्धी घरटी तशीच वाळतात. विहिरीला सिमेंटचं कडं बसलं तेव्हा कोनाडे बुजले आणि बाभूळही गेली. सुगरणी आता विजेच्या तारेवर विणतात. तारही पाण्याच्या वर असतेच, फक्त ते पाणी आता शेततळ्याचं आहे.

शेततळ्यांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. २०१६ नंतर 'मागेल त्याला शेततळे' योजनेने आमच्या भागात तळी झाली आणि त्यांनी कितीतरी घरांच्या फळबागा जगवल्या. पाण्यासाठी टँकरमागे धावलेल्या माणसाला त्याची किंमत सांगावी लागत नाही. पण मुरमाड जमिनीत पाणी टिकावं म्हणून तळ्याला प्लास्टिकचं अस्तर घालतात. ते अस्तर ओलं झालं की त्यावर खूर ठरत नाही, नखं ठरत नाहीत. रात्री पाण्याला आलेलं हरीण एकदा आत घसरलं की बाहेर निघू शकत नाही. काळवीट, तरस, कुत्री, आणि काही ठिकाणी पोरंही अशा तळ्यांत गेली आहेत. उपाय अगदी साधा आहे. एका कोपऱ्यातून पाण्यापर्यंत दोरखंडाची जाळी सोडायची, किंवा जुने टायर एकमेकांना बांधून उतारावर अंथरायचे. आमच्या तळ्यात जाळी आहे. तिच्यावरून चढून आलेल्या उदमांजराचा फोटो मी शिवारातल्या तळेवाल्यांना दाखवत फिरते, कारण ओला प्राणी आणि कोरडी जाळी एकत्र बघितली की पुढचं बोलावं लागत नाही. जखमी सापडलेल्या प्राण्यांसाठी शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे यांचं 'सर्पराज्ञी' हे केंद्र आहे. विहिरीतून काढलेली, तारेत अडकलेली, गाडीखाली आलेली कितीतरी जनावरं तिथे बरी होऊन परत रानात गेली. आमच्या पट्ट्यात फार मोठा आधार आहे हा.

पाण्याच्या या टंचाईत पक्ष्यांनी आपली सोय लावून घेतलेली आहे, आणि ती बघताना मला दरवेळी भरून येतं. टिटवी उघड्या रानात, खड्यांच्या मध्ये अंडी घालते. बहुधा चार, टोकं आत वळवलेली. उंचवट्यावर घातली तर पाऊस जोरात, खोलगट भागात घातली तर ओढ, हा जुन्या माणसांचा ठोकताळा. वैशाखात जमीन हात टेकू देत नाही, तेव्हा टिटवी पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि परत येऊन ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. माळावरच्या पखुर्डीचा नर याच्याही पुढे जातो. त्याच्या पोटाची पिसं पाणी धरून ठेवतील अशीच घडलेली आहेत. तो पाणवठ्यात पोट बुडवून बसतो, मग उडत जाऊन पिल्लांपुढे उभा राहतो, आणि पिल्लं त्याच्या पिसांतून पाणी चोखतात. दुष्काळी माळावर बाप पोटावरून पाणी वाहून नेतो. माझ्याकडे टिटवीच्या भिजण्याचा फोटो आहे. त्यात ती जिथे भिजतेय ते डबकं टँकर भरताना सांडलेल्या पाण्याचं आहे, आणि पाठीमागे घागरींची रांग आहे. तो फोटो कापून नुसती टिटवी ठेव, असं कुणी म्हटलं तर मला ते ऐकवत नाही.

घरात पक्षी सगळ्यात चांगले कळतात ते माझ्या सासूबाईंना. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. त्यांच्या लहानपणी ज्वारी हुरड्यात आली की पोरांनी माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, हे घरातलं कामच होतं. भोरड्यांचे थवे यायचे. भोरडी म्हणजे गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची मैना. तिचं घर मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात. पावसाळा संपता संपता ती आपल्याकडे यायला लागते आणि उन्हाळा चढला की परत जाते. दाणा दुधात असताना थवा उतरला तर तासाभरात कणसं मोकळी. म्हणून आत्यांना भोरडी वर असतानाच ओळखावी लागायची, वळण घेताना थव्याचा रंग कसा बदलतो त्यावरून. असं बघणं पुस्तकाने येत नाही. पण तीच भोरडी ज्वारी पोटऱ्यात येण्याआधी शेतातले नाकतोडे खाते, हेही आत्यांना ठाऊक आहे. "गोफण मारायची ती उडवायला, जिवाला लागंल अशी न्हाई," असं त्या सांगतात. आता आमच्या शिवारात ज्वारी कमी झाली, सोयाबीन आणि कापूस वाढला. माळे मोडले. गोफण आमच्या घरात खुंटीला आहे, आणि थवे दूरवरूनच निघून जातात.

आत्यांना डोळ्यांपेक्षा कान जास्त सांगतात. ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या असताना त्या मध्येच म्हणतात, "लिंबाखाली जा, साप निघालाय." गेलं की खरोखर धामण असते, कधी नाग. सातभाईंचा नेहमीचा कलकलाट आणि साप बघितल्यावरचा कलकलाट त्या वेगळा काढतात. खार त्याच वेळी एका जागी बसून शेपूट झटकत टिकटिकत राहते. मी कॅमेरा घेऊन धावते ती त्यांच्या सांगण्यावरून. माझे सापांचे बहुतेक फोटो आधी आत्यांनी ऐकलेले आहेत. तुराट्यांच्या गंजीपाशी मात्र त्या मला जाऊ देत नाहीत. "तिथं परड बसतंय," म्हणतात. परड म्हणजे घोणस. वाळल्या काट्याकुट्यांत ती समोर असूनही दिसत नाही आणि चावली तर माणूस वाचेलच असं नाही. ते मी मुकाट्याने ऐकते.

नायगावचं मयूर अभयारण्य आमच्याच तालुक्यात. १९९४ साली झालं, सुमारे ३० चौरस किलोमीटर. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे, त्याला कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे, आणि तो रोज पहाटे झाडावरून उतरून शेतात चरायला येतो. पेरलेलं बियाणं उकरतो, भुईमुगाचे कोंब खुडतो. पिसारा फुलवलेला मोर सगळे दाखवतात. मला तो बाजरीच्या काकऱ्यांतून मान खाली घालून चालणारा जास्त खरा वाटतो, आणि त्याच्यामागे, हातात खडा घेतलेला पण न फेकता थांबलेला म्हातारा. बियाण्याला लावलेल्या विषाने मोर मरतात. त्याच मोरांना उन्हाळ्यात पाणी ठेवणारे लोकही त्याच शिवारातले आहेत. श्रावण-भाद्रपदात पिसं गळायला लागली की पोरं ती गोळा करून वहीत ठेवतात. माझ्या वर्गातल्या वह्यांत मोराचं पीस नाही अशी वही शोधावी लागेल.

जिल्ह्याबाहेरच्या जगाने आमच्याकडचं रान पाहिलं ते दोनदा, आणि दोन्हीदा भीतीतून. नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली. पुढे करमाळा तालुक्यातही बळी गेले, आणि डिसेंबरमध्ये तिथे त्याला गोळी घातली गेली. ते दिवस मी विसरू शकत नाही. तुरीत जायला कुणी धजत नव्हतं, शेतात रात्रीचं पाणी धरणं बंद झालं होतं, आणि मोबाइलवर कुठल्या कुठल्या बिबट्यांचे फोटो 'आपल्याच शिवारातला' म्हणून फिरत होते. त्या फोटोंत मागे साल, सागाची झाडं दिसायची. आमच्या पट्ट्यात साल नाही. पार्श्वभूमीकडे कुणी बघितलं असतं तर चार गावांची झोप उडाली नसती. मी तेव्हा प्रत्येक फोटोखाली मागची झाडं दाखवून लिहीत राहिले.

दुसरी गोष्ट वर्षभरानंतरची, माजलगाव तालुक्यातल्या लवूळची. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, गच्च्यांवर नेत होती, आणि त्यातली काही पडून किंवा उपाशी राहून मरत होती. डिसेंबर २०२१ मध्ये वनविभागाने दोन वानरं पकडून नेली. तोवर ही वानरांनी कुत्र्यांवर उगवलेल्या सुडाची कथा म्हणून जगभर गेली, अडीचशे कुत्री मारल्याचा आकडा देशोदेशी छापून आला. ज्या भाषेत व्यंकटेश माडगूळकरांनी वानरांच्या टोळीवर 'सत्तांतर' लिहिलं आणि ज्या पुस्तकाला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्या भाषेत तरी वानराकडे यापेक्षा धीराने बघायला हवं होतं. वानर पिल्लू उचलतं तेव्हा नेमकं काय करत असतं, त्याच्या कळपात काय घडलेलं असतं, त्याच्या वाटेवरची वडा-पिंपळाची झाडं उरली आहेत का, हे विचारायला वेळ लागतो. सूड हा शब्द लगेच मिळतो. मी त्या बातम्यांतले फोटो बघत होते आणि त्यांत गाव शोधत होते. बहुतेकांत फक्त काळं तोंड होतं.

आता सांगते ते आमच्या गावाचं, आणि ते सांगितल्याशिवाय बीडच्या रानाबद्दल काहीच सांगितल्यासारखं होणार नाही. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांच्या गाड्या भरतात. बीड जिल्ह्यातून लाखो माणसं अशी निघतात : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पार कर्नाटकापर्यंत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. बैलं जातात, शेळ्या जातात, लेकरं जातात. गल्लीच्या गल्ली कुलपात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि ज्यांच्याकडे नोकरी किंवा पाणी आहे अशी आमच्यासारखी काही घरं.

मग महिन्याभरात गाव बदलतं. सारवणाच्या अंगणात गवत उगवतं, धुळीत माणसाच्या पावलांऐवजी इतर पावलं उमटतात. मुंगूस ओट्यावरून निवांत चालतं. बंद घराच्या आढ्यात गव्हाणी घुबड येऊन बसतं. साळिंदराचा काटा मला मारुतीच्या पाराजवळ सापडला आहे. आणि जिथे जनावरंच गेली, तिथून गायबगळे आणि साळुंक्याही कमी होतात, कारण त्यांचं पोट गुरांच्या पायांशी उडणाऱ्या किड्यांवर. २०१३ च्या दुष्काळात गुरं छावणीला गेली तेव्हाही असंच झालं होतं. बगळे छावणीवर दिसायचे. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या हे सगळं दिवसभर बघत असतात. मी शाळेतून येताना त्यांच्याकडून दिवसाचा अहवाल घेते. कोणत्या घरावर वानरं बसली, कुणाच्या न्हाणीत नाग शिरला, रात्री कोल्हं कुठून ओरडलं.

अशाच एका बंद घराच्या दारावरच्या गणेशपट्टीवर पिंगळ्यांची जोडी बसायची. दुपारच्या उन्हात डोळे बारीक करून, एकमेकांना चिकटून. खाली कुलूप, त्यावर गंज चढू नये म्हणून बांधलेली चिंधी, बाजूला हळदी-कुंकवाचे हात उमटवलेली भिंत. मी तो फोटो त्या घराच्या मालकिणीच्या मोबाइलवर पाठवला. ती तेव्हा कर्नाटकात, उसाच्या फडाशेजारी कोपीत. पिंगळ्याबद्दल कौतुकाचे दोन शब्द येतील असं मला वाटलं होतं. रात्री फोन आला. "मॅडम, दारापुढचा लिंब वाळलाय का? फांदी दिसत न्हाई." मग, "भिंतीला ती चीर पहिलीच हाय का नवी?" मग जरा थांबून, "पाखरं लक्ष्मीची हायती का कसली?" मी सांगितलं, पिंगळे आहेत, उंदीर खातात, घरात धान्याचं पोतं असेल तर ते राखतील. तिला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याच टोळीतल्या इतरांचे निरोप यायला लागले. आमच्या दारात कोण बसतंय, त्याचा फोटो काढा की.

तेव्हापासून हिवाळ्यात मी बंद घरांचे फोटो काढते. दयाळ दाराच्या कडीवर, खार तुळशीवृंदावनात, साध्या चिमण्या वाशाच्या भोकात, उलट्या ठेवलेल्या पाट्या-वरवंट्यावर बसलेली चीरक. पक्षी नसेल तर थांबते, कुणीतरी येतंच. कोपीत बसलेली माणसं तो फोटो बोटांनी मोठा करतात, आणि पक्ष्यावरून सरकत भिंतीवर, कौलावर, झाडावर जातात. मोठी लेन्स जे पुसते, ते बघायला त्यांना फोटो हवा असतो.

गेल्या गळीत हंगामात याच टोळीतल्या एका मुलाने मला फोटो पाठवला. माझाच जुना विद्यार्थी, दहावीनंतर आईवडिलांबरोबर जायला लागलेला. खाली लिहिलं होतं, "बिबट्या हाय का मांजर? लगेच सांगा." तोडलेल्या उसाच्या पाचटात तीन पिल्लं. अंगावर ठिपके नव्हते, फिकट पट्टे होते, कानांच्या टोकाला काळसर केस. रानमांजर. उसाच्या फडात बिबट्याची पिल्लंही सापडतात, जुन्नरकडे तर वरचेवर. तिथे वनविभाग आणि माणिकडोहच्या निवारा केंद्रातली माणसं पिल्लं जागेवर ठेवून आईची वाट बघतात, आणि ती बहुतेकदा येऊन नेते. मी तेच लिहिलं : मांजर आहे, हात लावू नका, तेवढी सरी राहू द्या, रात्री आई येईल.

त्यांनी सरी ठेवली. मुकादम कुरकुरला, कारण ट्रॅक्टर उभा होता आणि भरती राहिली होती. मुलाची आई मुकादमाला म्हणाली, की तू दुसऱ्या कडेने मोळ्या भर, ही मी उद्या तोडून देते. सकाळी पिल्लं तिथे नव्हती. मुलाने रिकाम्या पाचटाचा फोटो पाठवला. पायाचे ठसे स्पष्ट आले होते, पण कॅमेरा जमिनीच्या इतका जवळ धरला होता, की फड कुठला, कोपी कुठे, काहीच कळत नव्हतं. तो विचारत होता, अजून कसा काढू. मी कळवलं, उठून उभा राहा, उसाकडे पाठ कर, आणि ठसे खाली ठेवून कोप्यांकडे तोंड करून काढ. आई मोळी बांधत असेल तर ती पण येऊ दे.